बंबपट्टी आणि मर्लची पाटी

आमच्या ब्रायर फोर्क गावात मर्ल हॉफस्टेटरकडून मोटार न शिकलेला माणूस शोधायचा तर पाळण्यातच शोधावा लागेल. निवृत्त होऊन बरीच वर्षं झाली, पण अंगातला मास्तर गेलेला नाही. अजूनही रस्त्याने जाणाऱ्या एखाद्या गाडीचा मागचा दिवा बंद दिसला की हा हात आडवा करून तिला थांबवणार, काच खाली करायला लावणार आणि आतल्या टक्कल पडलेल्या माणसाला, "काय शिकवलं होतं मी?" असं विचारणार. टक्कलवालाही बिचारा मान खाली घालतो.

तर या नोव्हेंबरात मतदानाला आली होती बंबपट्टी. म्हणजे घरपट्टीवर थोडी जादा पट्टी, आणि तिच्यातून रुळांच्या अलीकडच्या अग्निशमन केंद्रातल्या माणसांचे पगार. पट्टी मंजूर झाली तर माणसं राहणार. नाही झाली तर केंद्राला कुलूप, आणि बंब येणार पलीकडच्या न्यूकोम्बहून, रूळ ओलांडून. आता आमच्या गावात मालगाडी मधोमध येऊन म्हशीसारखी बसली की कधी उठेल हे खुद्द तिच्या चालकालाही सांगता येत नाही. मागच्या हिवाळ्यात मर्लची बायको लॉर्ना स्वयंपाकघरात कोसळली, तेव्हा याच केंद्रातल्या तिघांनी तिला फरशीवरून परत आणली होती. तेव्हा मर्लचं या बाबतीत काय मत होतं ते निराळं सांगायला नको.

मत असायला हरकत नव्हती. पण पट्टीच्या समर्थकांनी त्याला अंगणात लावायला एक छापील पाटी दिली, आणि तिथून सगळं बिघडलं.

"हा काय रुमाल आहे?" मर्ल म्हणाला. "ताशी पस्तीस मैलांनी जाणाऱ्याला हे वाचता तरी येईल का? वाचायला गेला तर पुढच्यावर आदळेल!"

"गावात सगळ्यांनी एवढीच लावलीय," लॉर्ना म्हणाली.

"म्हणून तर मागच्या वेळी पट्टी पडली."

मागच्या वेळी पट्टी पाटीच्या आकारामुळे पडली असं गावात दुसऱ्या कोणाचंच म्हणणं नव्हतं. पण मर्लने गॅरेजमधून फळ्या काढल्या, करवत काढली, लाल रंगाचा डबा आणला, आणि दोन दिवसांत गॅरेजच्या दाराएवढी पाटी तयार केली. 'बंब हवा तर होय म्हणा!' अक्षरं खरोखर सुरेख होती, हे मान्य केलंच पाहिजे.

शेजारचा व्हर्जिल स्टॅम काठी टेकत कुंपणाशी आला. व्हर्जिल पट्टीच्या विरोधात होता. तो सगळ्याच पट्ट्यांच्या विरोधात असायचा. हल्ली त्याच्या डोळ्यांसमोर धुकं असतं, म्हणून त्याने गाडी सोडली. म्हणजे मर्लनेच एका रविवारी बाजूला बसून त्याची परीक्षा घेतली आणि किल्ली काढून घेतली. तेव्हापासून डॉक्टर, बाजार, मतदान, सगळीकडे मर्लच त्याला नेतो, आणि व्हर्जिल त्याला वाटभर शिव्या घालतो.

"हे काय, कोठार बांधतोस?"

"पाटी आहे."

"शाळेची पट्टी, वाचनालयाची पट्टी, बागांची पट्टी, आता यांची पट्टी! माझं पेन्शन एकच आहे रे बाबा. मला डोळ्यांनी दिसत नाही, पण खिशातलं भोक हाताला लागतं."

"उद्या तुझ्या घराला आग लागली तर?"

"तर तुझी पाटी आधी पेटेल. लाकडाची आहे ना?"

एवढी मोठी पाटी लावायची तर विचारून घ्यावं म्हणून मर्ल गावकचेरीत गेला. तिथल्या खिडकीतल्या बाईने मापं ऐकून घेतली आणि चष्म्यावरून बघितलं.

"हे मत आहे की बांधकाम?"

"म्हणजे काय?"

"पाटी लहान असेल तर मत. मताला परवाना लागत नाही. पण मोठी असेल आणि खांब पुरायचे असतील तर बांधकाम. बांधकामाला परवाना, नकाशा, फी."

"माझं मतच मोठं आहे हो."

"मग मोठी फी भरा," बाई म्हणाली. "आणि खड्डा घेण्याआधी फोन करून जमिनीखालच्या नळांच्या खुणा करून घ्या. त्याशिवाय फावडं लावायचं नाही. कायदा आहे."

कायदा म्हटल्यावर मर्ल सरळ उभा राहिला. सगळ्या गावाला लाल दिव्याला थांबायला शिकवलेला माणूस तो! त्याने फोन केला, फी भरली, नकाशा काढला. तोसुद्धा तीन रंगांत. मग कंपनीची माणसं आली आणि हिरवळीवर रंगांचे फवारे मारून गेली. गॅसचा पिवळा, पाण्याचा निळा, टेलिफोनचा केशरी. व्हर्जिलला तेवढे रंग मात्र दिसले.

"अंगणात बालवाडी काढलीस का रे?"

आता यापुढचं जे घडलं ते आमच्याच गावात घडू शकतं. आमच्याकडे माणूस दारू पितो, कर्ज बुडवतो, बायकोशी भांडतो, सगळं चालतं. पण त्याच्या दारचं गवत वाढलं तर लोक त्याच्या आईवडिलांपर्यंत जातात. शनिवारी सकाळी मर्ल खड्डे घ्यायला बाहेर आला आणि बघतो तर गवत बोटभर वाढलेलं. एवढी देखणी पाटी आणि खाली असं जंगल? छे! त्याने यंत्र काढलं, सगळी हिरवळ एका रेषेत कापली, कापलेलं गवत पोत्यात भरलं, पोतं रस्त्याकडेला ठेवलं आणि कंबरेवर हात ठेवून आपल्या कामाकडे बघितलं.

हिरवळ हिरवीगार होती. पिवळं नाही, निळं नाही, केशरी नाही. सगळ्या खुणा पोत्यात गेल्या होत्या.

इथे दुसरा कोणी असता तर पुन्हा फोन करून मुकाट्याने वाट बघत बसला असता. पण मर्लने आयुष्यभर पोरांना दोन गाड्यांच्या मधे अंदाजाने गाडी लावायला शिकवलं होतं. अंदाजावर त्याचा फार विश्वास. "पिवळा पट्टा त्या झुडपाच्या पलीकडे होता," असं स्वतःशीच म्हणत त्याने पहार घातली.

पट्टा झुडपाच्या अलीकडे होता. जमिनीतून सूं असा आवाज आला, पाठोपाठ वास आला, आणि मर्ल पहार टाकून, "लॉर्ना, बाहेर ये! काही पेटवू नकोस!" असं ओरडत धावला. एवढं मात्र त्याने अगदी बरोबर केलं.

लॉर्नाने रस्त्यावरून फोन लावला, आणि ती पत्ता सांगून संपवते तोच कोपऱ्यावर बंब वळला. मी समोरच राहतो, स्वतः बघत होतो. कॅप्टन रोंडा पिकेट खाली उतरली. तिने आवाज चढवला नाही, कोणाला ढकललं नाही; रहदारी वळवावी तसे दोन हात हलवले आणि आख्खी गल्ली घराबाहेर आली. तिच्या पथकातला एक धिप्पाड गडी व्हर्जिलला अंगावरच्या झग्यासकट, हातातल्या दुधाच्या वाडग्यासकट दंडाला धरून पायरीपायरीने उतरवत होता, आणि दर पायरीला, "आता एक आहे, आजोबा. आता सपाट," असं सांगत होता. दुसरा कोणाच्या तरी मांजराला कोटात घालून आणत होता. ही अशी माणसं. त्यांना काम करताना बघितलं की आपल्यालाच उगाच सरळ उभं राहावंसं वाटतं.

"खुणा करून घेतल्या नव्हत्या का, मिस्टर हॉफस्टेटर?" कॅप्टनने विचारलं.

"घेतल्या होत्या."

"मग गेल्या कुठे?"

मर्लने पोत्याकडे बोट दाखवलं. कॅप्टनने पोत्यात डोकावून पाहिलं, पाठ फिरवली आणि तिला बराच वेळ खोकला आला.

पण मर्ल खचणारा नव्हे. गल्लीभर माणसं जमलेली, समोर बंब उभा; एवढी सभा पैसे देऊन भरली नसती. तो चढला तिथल्या दगडावर.

"बघा! बघा मंडळी, किती लवकर आले!"

"तू बोलावलंस म्हणून आले!" व्हर्जिल ओरडला.

"कॅप्टन, तुम्हीच सांगा यांना. पट्टीबद्दल दोन शब्द बोला."

"ड्यूटीवर असताना आम्हाला त्या विषयावर बोलायला मनाई आहे," कॅप्टन म्हणाली. "तुम्ही जरा त्या दगडावरून उतरा, प्लीज. गॅस तिकडेच येतोय."

दुसऱ्या दिवशी व्हर्जिलच्या अंगणात एक पाटी लागली. लहानशीच, परवाना न लागणारी. 'मर्लला आवरा, पट्टीचे पैसे वाचवा.'

गाव हसून हसून बेजार झालं. बेकरीत गेलं की, "आज काय फोडलंत, सर?" रस्त्याने जाणारे हॉर्न वाजवायचे, तेही त्याचेच शिष्य. मर्लला हसण्याचं दुःख नव्हतं. म्हणजे होतं, पण ते त्याने गिळलं असतं. त्याच्या काळजात वेगळीच भीती होती. "लॉर्ना, माझ्यामुळे पट्टी पडली तर?" तो रात्रीच्या जेवणाला म्हणाला. "लोक म्हणताहेत, त्या बंबाला कामच माझं आहे. पुन्हा तुला काही झालं, आणि ते रुळांपलीकडे अडकून बसले, तर मी काय करू?" लॉर्नाने त्याच्या ताटात आणखी बटाटे वाढले. ती म्हणाली, "आता तू फक्त काही करू नकोस."

ही एकच गोष्ट मर्लला येत नाही.

खड्डा नाही तर नाही, पाटी गॅरेजच्या छपरावर ठेवू, असं त्याने ठरवलं. त्या दिवशी शाळेच्या फुटबॉल सामन्याची मिरवणूक आमच्याच रस्त्याने जायची होती. सगळं गाव बघेल. पाटी चढली, बसली, आणि शिडी मात्र घसरून लॉर्नाच्या शेवंतीत आडवी झाली. लॉर्ना बाजारात. मिरवणूक वळणावर आलेली. ओरडावं तर पुन्हा बंब, पुन्हा व्हर्जिल! मर्ल पाटीशेजारी मांडी घालून बसला आणि हात हलवू लागला, जणू काही दर वर्षी तो तिथेच बसतो.

बँड गेला, ट्रॅक्टर गेले, पोरांवर गोळ्या उधळत बंब आला. समोर कॅप्टन पिकेट. तिने वर मर्लकडे बघितलं, मग खाली शेवंतीकडे बघितलं.

"मिस्टर हॉफस्टेटर," तिने विचारलं, "आपण तिथे स्वखुशीने आहात ना?"

"अर्थात! मिरवणूक बघतोय!"

"छान. बसून राहा हं, उभे राहू नका."

आणि बंब पुढे गेला. मिरवणूक संपून रस्ता मोकळा झाल्यावर ती एकटी चालत आली, टोपी काखेत, भोंगा नाही की काही नाही. तिने शिडी उचलली, लावली आणि ती खाली घट्ट धरून उभी राहिली. मर्ल उतरल्यावर म्हणाली, "तुमची शेवंती छान आहे," आणि गेली. मर्ल नंतर कितीतरी वेळ त्या शिडीपाशी उभा होता. व्हर्जिलने आपल्या ओसरीवरून विचारलं, "छपरावर मघाशी काय होतं रे? पाटी का तू?"

"पाटी," मर्ल म्हणाला.

मतदानाचा दिवस उजाडला. मतदान रुळांपलीकडे, चर्चच्या तळघरात. मर्ल आणि लॉर्ना सकाळीच जाऊन आले. प्रश्न व्हर्जिलचा होता.

"पोटात दुखतंय म्हण," लॉर्ना म्हणाली. "आपल्याच गाडीतून आपल्याविरुद्धचं मत वाहून न्यायचं? एवढा कसला तुझा मोठेपणा?"

दुपार झाली, चार वाजले, तरी मर्ल गॅरेजमधले खिळे निवडत बसला होता. म्हाताऱ्याच्या लक्षात नसेल कदाचित. अंधारून आल्यावर त्याने सहज बाहेर पाहिलं, तर व्हर्जिल टाय बांधून, केस ओले करून, त्याच्या गाडीच्या दाराला टेकून उभा होता. थंडीने त्याचं नाक लाल झालं होतं.

"केव्हाचा उभा आहेस?"

"तू खिळे मोजायला लागलास तेव्हाचा. चल, बंद होईल."

मर्लला मेल्याहून मेल्यासारखं झालं. त्याने गाडी काढली. आणि रुळांपाशी येतात तो काय, मालगाडी! डब्यामागे डबा, आणि सगळे ठप्प.

"ही तू बोलावलीस का?" व्हर्जिल म्हणाला.

"गप्प बस रे."

दोघं बसले. घड्याळ पुढे जात होतं. मर्लच्या मनात आलं, ही अशीच बसली तर आपलं काम परस्पर झालं. आणि असं मनात आलं म्हणून त्याला स्वतःचाच राग आला. तेवढ्यात डब्यांच्या फटींतून पलीकडे लाल उजेड फिरताना दिसला. मग भोंगा.

"काय आहे ते?" व्हर्जिलने विचारलं. उजेड त्यालाही दिसत होता.

"बंब. न्यूकोम्बचा. आपला दुसऱ्या कामावर गेला असणार, म्हणून यांना बोलावलं."

"मग येत का नाही?"

"कुठून येईल? गाडी उभी आहे ना."

भोंगा वाजतच होता. व्हर्जिल ऐकत राहिला. मग त्याने दार उघडलं, काठी घेतली आणि मर्ल पट्टा सोडून उतरेपर्यंत हा फाटकाशी पोचलासुद्धा. ऐंशी पार केलेला माणूस, टाय लावलेला, काठी उगारून मालगाडीला ओरडत होता.

"हल! हल की, मेल्या! माणसं मरताहेत तिकडे! ऐकू येत नाही का? हल!"

मर्लने त्याला मागून घट्ट धरलं. त्याला वाटलं होतं म्हातारा रागाने थरथरतोय. पण तो रडत होता. "कोणाच्या घरी जायचंय रे त्यांना?" तो विचारत होता. "कोणाच्या घरी?"

ते आम्हाला दुसऱ्या दिवशी कळलं. आमच्याच बाजूला राहणाऱ्या एका बाईचं स्वयंपाकघर जळालं. बाई वाचली, शेजाऱ्याने तिला खिडकीतून ओढून काढली. पण त्या वेळी या दोघांना त्यातलं काही माहीत नव्हतं. माहीत होता तो फक्त तो भोंगा. अखेर गाडीने एक हिसका दिला, डबे एकेक करून सरकले, फाटक वर गेलं आणि बंब त्यांच्या अंगावरून वारा उडवत निघून गेला.

चर्चमध्ये पोचले तेव्हा दार लावायची तयारी चालली होती. व्हर्जिलने भिंग काढलं, कागद डोळ्याला लावला, तिरपा धरला, दिव्याखाली नेला. मग हात खाली सोडला.

"मला वाचता येत नाही," तो हळूच म्हणाला.

टेबलामागची बाई म्हणाली, "आम्ही दोघं मदत करू शकतो, मिस्टर स्टॅम. नाहीतर तुम्हाला हवा तो माणूस घ्या. मात्र त्याने आत काय झालं ते कोणाला सांगता कामा नये."

"तुमचा नवरा वाचनालयाच्या मंडळावर आहे. तुम्ही नको," व्हर्जिल म्हणाला. "हा भरेल."

"मी?" मर्ल म्हणाला. "अरे, माझी पाटी छपरावर आहे!"

"तू मूर्ख आहेस, मर्ल. लबाड नाहीस. घे पेन."

दोघं आडोशाला गेले. मर्ल वाचायला लागला.

"वाचनालयाची पट्टी."

"विरोधात."

मर्लने विरोधातलं वर्तुळ काळं केलं.

"बागांची पट्टी."

"विरोधात."

"न्यायाधीश. एकच उमेदवार आहे."

"त्याच्याही विरोधात."

"तशी सोय नाही."

"मग सोड."

मर्लने घसा साफ केला. "अग्निशमन केंद्राची पट्टी," त्याने वाचलं, आणि विरोधातल्या वर्तुळावर पेन नेऊन ठेवलं. तो ते भरणार होता. अगदी नीट, रेषेबाहेर न जाता भरणार होता.

व्हर्जिलने काठी या हातातून त्या हातात घेतली.

"व्हर्जिल?"

"पुन्हा वाच."

मर्लने पुन्हा वाचलं.

"बाजूने," व्हर्जिल म्हणाला. "आणि तोंड मिटून ठेव. गावाला कळलं तर तूच चुकीचं भरलंस असं सांगेन."

पट्टी मंजूर झाली. कशीबशी, अगदी काठावर. सकाळी बातमी आली तेव्हा लॉर्नाने मर्लच्या गळ्यात हात टाकले, आणि त्याच वेळी शेजारच्या ओसरीवरून तोफ सुरू झाली.

"झालं का समाधान? लुटलंत ना म्हाताऱ्या माणसाला? खा आता माझं पेन्शन, तू आणि तुझे बंबवाले!"

गल्लीतली माणसं पेपर उचलायला बाहेर आली होती. ती तिथेच थांबली. लॉर्ना तर लालबुंद झाली.

"ऐकलंस? आणि याला तू गाडीतून नेलंस! सांग त्याला काहीतरी! मला सांग, काय भरायला लावलं त्याने तुला?"

मर्लने आयुष्यात एकही गोष्ट पोटात ठेवली नव्हती. आताही ती अगदी ओठांवर आली होती, हे त्याच्याकडे बघून मला रस्त्याच्या या बाजूलाही कळत होतं. तो ओसरीवर गेला, कठड्याला धरून उभा राहिला, आणि सगळी गल्ली त्याच्या भाषणाची वाट बघू लागली.

"चुकलं माझं, व्हर्जिल," तो म्हणाला. "माफ कर."

गल्लीचा विश्वास बसेना. मर्ल हॉफस्टेटर वादात हरला, तोही जिंकलेल्या दिवशी! कोणीतरी टाळी वाजवली. लॉर्ना तोंड उघडं टाकून नवऱ्याकडे बघत राहिली.

व्हर्जिलने मान वळवून आवाजाच्या दिशेने बघितलं. त्याला काही दिसलं नसणार. पण तो बराच वेळ बघत होता.

"बरं, बरं," तो म्हणाला. "कॉफी टाकलीय का तुमच्याकडे?"

"टाकलीय," मर्ल म्हणाला, आणि त्याला आणायला पायऱ्या उतरून गेला.